जर्मन हरल्याचा लाडू

चूल नुकती पेटली होती. गोजराबाई काठवटीत ज्वारीचं पीठ मळत होती. नऊ वर्षांची रुखमी दारात सडा टाकून आत आली होती आणि धुराकडं पाठ करून बसली होती. बाहेर गोठ्यात तिचा बाप दौलतराव पांढऱ्या जोडीपुढं कडबा टाकत होता. घरात आता ही तिघंच. रुखमीची माय आश्विनात मानमोडीच्या तापानं गेली. तेव्हापासून बापाच्या या विधवा बहिणीनं, रुखमीच्या आत्यानं, घर उचलून धरलं होतं.

"आत्या, भाकरीसंगं काय हाये?"

"ठेचा."

"कालही ठेचाच होता."

"मंग आज कालचाच हाये. तुयासाठी नवा कायले कुटू?"

रुखमी हसणार तेवढ्यात दाराची कडी वाजली. दार उघडंच होतं, तरी कडी वाजली. गोजराबाईचे पिठातले हात थांबले. त्या दिवसांत उघड्या दाराची कडी कोण वाजवतो, हे गावातल्या लहान पोरांनाही कळून चुकलं होतं. ज्याला उंबरा ओलांडता येत नाही, तो.

बाहेर इंद्रभान उभा होता. गल्लीच्या टोकाचं घर त्याचं. डोक्याला फडकं नव्हतं, डोळे कोरडे होते.

"गोजराबाई, कस्तुरी गेली," तो म्हणाला. "पहाटी पाणी मांगतलं. मी आणलं तवर..." आणि मग लगेच, जणू हेच सांगायला आला होता अशा घाईनं, "दौलतरावाची बैलबंडी पाह्यजे होती. खांदा द्याले चार माणसं नाई भेटून राह्यले."

गोजराबाई रडली नाही. तिनं चुलीतली जळती लाकडं ओढून राखेत पुरली. मळलेल्या पिठावर ताट झाकलं आणि रुखमीला म्हणाली, "घरोघर जाऊन सांग, चुली इझवा म्हणा. कस्तुरी गेली."

गल्लीची रीतच होती. गल्लीत मढं पडलेलं असेल तोवर कुणाच्या घरची चूल पेटत नसे, कुणाच्या तोंडात घास जात नसे. तान्ही लेकरं सोडून. प्रेत उचललं, माणसं नदीवरून आंघोळ करून परतली, की मग भाकरी. आणि दिवस मावळल्यावर प्रेताला अग्नी देत नसत. सकाळी गेलेलं माणूस संध्याकाळच्या आत नेलं नाही, तर ते रात्रभर घरात आणि अख्खी गल्ली रात्रभर उपाशी. त्या वर्षी भादव्यापासून ही गल्ली इतक्या वेळा उपाशी राहिली होती, की पोरं भूक लागली म्हणायच्या ऐवजी "कोण गेलं?" असंच विचारायला लागली होती.

ते साल एकोणीसशे अठरा. रिठदच्या शिवाराला लागून असलेलं हे गाव लहान. जगात काय चाललंय ते इथं तुकड्यातुकड्यानं पोचायचं, आणि पोचेपर्यंत त्याचा आकार भलताच होऊन बसायचा. विलायतेच्या बादशहाची जर्मनाशी लढाई चालली आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उन्हाळ्यात एक भरतीवाला येऊन गेला होता. पलटणीत गेलं की बूट मिळतात, असं त्यानं सांगितलं. बुटांकडं बघून दोन पोरं गेली आणि बूटही परत आले नाहीत. मग कापड महागलं. का, तर लढाई. घासलेट मिळेना. का, तर लढाई. पावसानं श्रावणात पाठ फिरवली आणि ज्वारी वीतभर वाढून करपली, तेव्हा पावसाचाही दोष जर्मनावर टाकून लोक मोकळे झाले. आणि मग ताप आला. मुंबईला बोटीतून उतरला म्हणे, रेल्वेत बसला, वाशीमला आला, आणि तिथून बाजारकरी माणसांच्या अंगाखांद्यावर बसून गावात शिरला. सकाळी वावरात गेलेला माणूस दुपारी मान टाकायचा, म्हणून मानमोडी. रुखमीच्या डोक्यात जर्मन आणि मानमोडी हे दोन सख्खे भाऊ होते. थोरला दूर राहतो, धाकटा घरात येतो.

त्या तापात दौलतरावाची बंडी गावाची झाली. तिरडी उचलायला माणसं उरली नाहीत, तेव्हा त्यानं ती दिली. बाकीच्यांनी दिल्या नाहीत, आणि त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. ज्या बंडीत मढी नेली, तिच्यात पुढं धान्य कोण भरणार, वरात कोण बसवणार? दौलतरावानं तो विचार केला नाही. त्याला विचार करायला गोजराबाईनं वेळच दिला नाही.

या बाईबद्दल थोडं सांगायला हवं. गोजराबाई इंझोरीला दिलेली, खेळायच्या वयात. तिथं शेजारच्या घरात कस्तुरी नावाची तिच्याहून लहान पोर होती. ती या नव्या नवरीच्या पदराला धरून हिंडायची. सोळाव्या वर्षी प्लेगात नवरा गेला आणि गोजराबाई भावाकडं परत आली. पुढं ती कस्तुरीही याच गावात, याच गल्लीत, इंद्रभानची बायको होऊन आली. दोघींनी पंधरा वर्षं एका रांगेत कापूस वेचला. गोजराबाईचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून द्यायला दोनदा लोक आले. पहिल्यांदा तिनं नाही म्हटलं. दुसऱ्यांदा ती झाडत होती. तिनं झाडू थांबवला नाही आणि पाहुण्यांना पाय वर घ्यावे लागले. तोंडानं फटकळ. पण कुणाच्या घरी बाळंतीण अडली, कुणाचं लेकरू फणफणलं, की माणूस आधी तिच्याकडं धावे आणि मग देवाकडं. मानमोडीत तिनं एकच गोष्ट धरून ठेवली. मेलेली बाई बंडीतून एकटी जाता कामा नये. जिच्या घरात कुणी उठायच्या हालतीत नसेल, तिच्या उशाशी गोजराबाई बसे. नदीपर्यंत बायकांनी जायची रीत नव्हती. ती वेशीपर्यंत बसून जाई, तिथं उतरे, परत येई आणि दुसरीजवळ बसे. रुखमीच्या मायजवळही ती अशीच बसली होती. पुढं कित्येक वर्षांनी, दुसरी लढाई सुरू झाली आणि गोजराबाईचे दात पडून गेले होते, तेव्हा शाळेतली पोरं तिला विचारायची, आजी, पहिल्या लढाईत काय झालं होतं? ती म्हणायची, "काय व्हाचं! तिकडं माणसं मारले, इकडं लाडू वाटले. थू!" आणि खरंच थुंकायची. तेवढ्या एका थुंकण्यासाठी तिला पान लागायचं नाही.

ते लाडू याच दिवसाचे.

दौलतरावानं बैल जुंपले. गोजराबाई कस्तुरीला आंघोळ घालून, तिचं लग्नातलं जुनं लुगडं नेसवून आली. नवं कापड घ्यायची सोयच नव्हती. बंडी दारातून निघणार, तोच समोरून पोलीस पाटील बबनराव आला. धुतलेला फेटा, हातात छडी, मागं कोतवाल.

"वा! जुंपूनच ठेवली," तो म्हणाला. "दौलतराव, याले म्हणतात माणूस. मी बोलावाले येणार, तर तू आधीच तयार."

"कायले तयार?" दौलतरावानं विचारलं.

"म्हणजे? दवंडी नाई ऐकली? सरकारचा जय झाला ना गा! जर्मन हरला! आज वरून साहेब येऊन राह्यले. बादशहाच्या तसबिरीची मिरवणूक हाये. माया दमणीचं चाक मोडलं, आन् गावात पांढरी जोडी तुयीच. बाकीच्यायचे बैल पाहा, नुसत्या बरगड्या."

"पाटील, इंद्रभानची बायको गेली. तिले न्यायचं हाये."

बबनरावानं च् च् केलं. मनापासून केलं. तो वाईट माणूस होता असं नाही, नुसता घाईत होता, आणि घाईतला माणूस कधीकधी वाईटापेक्षा वाईट असतो. "लई वाईट झालं," तो म्हणाला. "पण दुपारच्या आत मोकळी करतो बंडी. साहेब आले, मिरवणूक झाली, की घेऊन जा. तिले आता काय घाई हाये?"

गोजराबाई दारात उभी होती. "पाटील," ती म्हणाली, "या बंडीतून आमी कोणाकोणाले नेलं, ठाव हाये ना तुमाले? तुमच्या भावजयीले नेलं."

"हळू बोल, बाई," बबनराव इकडंतिकडं बघत म्हणाला. "सायबापाशी हे बोलू नका कोणी. धुऊन घेऊ ना आपण."

आणि त्यांनी ती खरंच धुतली. रुखमीनं ते चावडीसमोर उभं राहून पाहिलं. कोतवालानं घागरीवर घागरी ओतल्या, शेणानं घासली, चुना मारला. फळ्यांच्या फटींतून पिवळसर पाणी ठिबकत राहिलं. मग आंब्याचे डहाळे बांधले, कुणाकडून तरी लाल सतरंजी आणून अंथरली आणि तिच्यावर अत्तराची बाटली पालथी केली. त्या अत्तराखालून तो जुना वास वर यायचा थांबेना. रुखमीला तो वास ओळखीचा होता. तिच्या मायला नेल्यानंतर पुढचे कितीतरी दिवस तो बंडीजवळ गेलं की यायचा. आज त्यात गुलाब मिसळला होता. ती वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

मास्तरांनी पोरं गोळा केली. शाळेत नाव नसलेल्या पोरीही रांगेत उभ्या केल्या, कारण रांग लांब दिसायला पाहिजे होती. रुखमी त्यातच आली. पण एक अडचण निघाली. कुणाची माय, कुणाचा बाप गेलेला, त्यामुळं निम्म्या पोरांची डोकी भादरलेली. उन्हात ती एका रांगेत चमकायला लागली. बबनरावानं कपाळाला हात लावला. "अबे, हे काय मुंडण मांडलं? साहेब काय म्हणन?" मास्तरांनी लाल-निळे कागद आणून टोप्या चिकटवल्या आणि एकेका डोक्यावर दाबून बसवल्या. खळ ओली होती. ती कपाळावरून ओघळून पोरांच्या भुवयांत वाळली. एक पोरगं टोपी काढून डोकं खाजवायला लागलं, तर मास्तरांनी त्याच्या हातावर छडी मारली. जय झालेल्या दिवशीसुद्धा छडी होतीच.

साहेब दुपारच्या आत आले नाहीत. दुपारीही आले नाहीत. इंद्रभान दोनदा येऊन बंडीकडं बघून गेला. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा दौलतराव पाटलाला म्हणाला, "एवढी बंडी देऊन टाका, मी पळवत आणतो परत." बबनराव म्हणाला, "आन् तेवढ्यात साहेब आले म्हणजे? सजवलेल्या बंडीत मढं नेतं का तू?" चावडीत परातीत बुंदीचे लाडू रचून ठेवले होते. त्यांच्यावर फडकं होतं, आणि फडक्यावर इतक्या माश्या होत्या की फडकं हलल्यासारखं वाटे. इंद्रभानच्या घरीही माश्या असतील, असं रुखमीच्या मनात आलं, आणि तिनं परातीकडं बघायचं बंद केलं. गोजराबाई तिकडं इंद्रभानच्या घरी, कस्तुरीच्या पोरांना घेऊन, तिच्याजवळ बसून होती, हातात पदर घेऊन, वारा घालत.

सावल्या लांबायला लागल्या तेव्हा साहेब आले. देशीच होते, गोरटेले, चष्म्याचे. बंडीत तसबिरीशेजारी चढून बसले आणि लगेच नाकाला रुमाल लावला.

"कसला वास येतो हो?"

"बैलायचा, साहेब," बबनराव म्हणाला.

डफडी वाजली, सनई वाजली, मिरवणूक निघाली. पुढं बंडी, मागं टोप्यांची रांग. पहिल्या दहा पावलांतच डफडी थांबली. साहेबांनी मान वळवली. सुतकाचं घर होतं, आणि सुतकाच्या दारासमोर वाजंत्री वाजवत नाहीत. वाजंत्र्यांना कुणी सांगायला नको होतं; त्यांचे हात आपोआप खाली आले. पुढं गेल्यावर वाजवायला लागले, तोच पुढचं घर. थांबले. पुन्हा दोन ठोके, पुन्हा थांबले. गावात असं घर उरलंच नव्हतं, की ज्याच्यासमोर सलग वाजवता येईल. बादशहाची तसबीर मुकाट गावातून जायला लागली. बैलांच्या गळ्यातली घुंगरं आणि चाकांची कुरकुर, एवढाच आवाज.

"ही मिरवणूक आहे की काय आहे?" साहेब म्हणाले. "वाजवा म्हणावं त्यांना!"

बबनरावानं छडी उगारली. "वाजवा रे! थांबायचं नाई!"

वाजंत्र्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि वाजवायला लागले. दारांमधून बायका बाहेर आल्या. मिरवणूक त्यांच्याच गल्लीत वळली. इंद्रभानच्या दारासमोरूनही वाजत गेली. आत कस्तुरी होती. दारात गोजराबाई उभी होती, आणि रुखमीनं तिचं तोंड पाहिलं. रडकं नव्हतं ते, रागाचंही नव्हतं. ताटात अळी निघावी आणि ताट दूर सारायलाही हात लावावासा वाटू नये, तसं ते तोंड होतं. आत्याची नजर साहेबांवर नव्हती. सनईवाल्यावरही नव्हती. डोक्यावर कागदी टोप्या घातलेल्या त्या पोरांकडं ती बघत होती.

चावडीपुढं साहेबांनी भाषण केलं. जगावरचं मोठं संकट टळलं, म्हणाले. आता सगळीकडं शांतता होईल, माल स्वस्त होईल, या वर्षाची आठवण तुमची नातवंडं काढतील. मग त्यांनी तीनदा जय म्हणवून घेतला आणि स्वतःच्या हातानं एकेका पोराला लाडू दिला. "खा. सगळ्यांनी एकदम खा, आणि मग घरी पळा."

दुसऱ्या गल्लीतल्या चार-दोन पोरांनी तोंडात घातला. रुखमीच्या गल्लीतली पोरं हात पुढं धरून तशीच उभी राहिली. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. तूप मनगटापर्यंत ओघळून गेलं. एकानं ते चाटायला जीभ काढली आणि परत आत घेतली.

"काय झालं? गोड चालत नाही का तुम्हाला?" साहेब हसले. मग रुखमीसमोर थांबले. "तू खा बरं, बाळ. तू खाल्लंस की हे सगळे खातील."

रुखमीनं गल्लीत मढं आहे म्हणावं, तर बबनराव मागून बघत होता. त्यानं तिच्या दंडाला हळूच चिमटा घेतला. "खा व, साहेब म्हणून राह्यले. माजलीस काय?" भुकेनं तिचे कान वाजत होते. वेलदोड्याचा वास नाकात गेला होता. तिनं हात तोंडाकडं नेला. दात लाडवाला लागले, आणि त्याच क्षणी तिला आठवलं की माय गेली त्या दिवशी कस्तुरीकाकूनं स्वतःची पेटलेली चूल विझवली होती. तिची पोरं दिवसभर रडली होती, तरी. रुखमीनं लाडू तोंडापासून दूर केला. तोंडात आलेली बुंदी गिळली नाही. थुंकली. थेट साहेबांच्या बुटाशेजारी.

"अरे!" साहेब मागं सरले.

बबनरावाचा हात वर गेला. तो खाली यायच्या आत माणसं बाजूला व्हायला लागली. पुरुषांच्या त्या गर्दीत, जिथं गावातली बाई एरवी पाऊल टाकत नसे, तिथून गोजराबाई सरळ चालत आली. डोईवर पदर होता, पण मान खाली नव्हती. रुखमीच्या हातातला लाडू तिनं घेतला, परातीत परत ठेवला आणि आपल्या पदरानं पोरीचं तोंड पुसलं.

"पोट्टीले मारू नका, पाटील," ती म्हणाली. "ते बरोबर थुकली."

"कोण बाई ही?" साहेबांनी विचारलं.

"दौलतरावाची बहीण, साहेब. बंडीवाल्याची," बबनराव घाईनं म्हणाला. "तोंडानं जरा..."

साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. बूट गवताला पुसले. आज चांगला दिवस होता आणि तो बिघडू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. "बरं, बाई," ते म्हणाले, "सरकारच्या जयाच्या दिवशी तुम्ही बंडी दिलीत. तुमचं काही मागणं असेल तर सांगा. सारा माफ करता येणार नाही, ते आधीच सांगतो."

लोक हसले. गोजराबाई हसली नाही. तिनं एकदा मागं वळून पश्चिमेकडं पाहिलं. दिवस अजून बाभळींच्या वर होता, पण फार वर नव्हता.

"सारा नाई मांगून राह्यली मी," ती म्हणाली. "आमची बंडी सोडा, साहेब. सकाळपासून कस्तुरी घरात पडून हाये. दिवस बुडायच्या आत तिले न्यायचं हाये."